टेंडरचा लिफाफा आणि आगगाडीचे इंजिन



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, संगीत, अध्यात्म किंवा राजकारण यांवर बोलण्याचा प्रघात आहे. आम्ही आज टेंडरवर बोलणार आहोत. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात छापलेली आणि वाचक सहसा ओलांडून जातो अशी ती जाहिरात. आमचे शिक्षण रात्रशाळेत आणि नगर वाचनालयात झाले. कामगार संघटनेचे काम करताना ज्या कागदांशी झगडावे लागले, त्यांचेच मूळ शोधीत आम्ही इतिहासात मागे मागे गेलो. त्यातून एक गोष्ट आमच्या मनात पक्की झाली. सरकार जेव्हा एखादी वस्तू विकत घेते, तेव्हा ते कोणाच्या तरी हातचे काम विकत घेत असते. ते हात कोणत्या देशातले आणि कोणत्या गावातले, हे बहुधा लिफाफा उघडण्यापूर्वीच, टेंडरच्या अटी लिहिताना ठरून गेलेले असते. परदेशाशी व्यापार वाढवावा, दोन देशांनी करार करून एकमेकांच्या सरकारी खरेदीचे दरवाजे उघडावेत, असे आज सर्वत्र बोलले जाते. त्या बोलण्याची पारख करण्यासाठी आगगाडीच्या इंजिनाइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

आरंभ आपल्याच मुलखातून करू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. ती ओढणारी इंजिने कोठली, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे आपल्या वाडवडिलांची जी. आय. पी., हिने आपली पहिली आठ इंजिने लँकशायरमधील व्हल्कन फाउंड्रीत बांधवून घेतली. यात नवल नाही, कारण त्या काळी आपल्याकडे इंजिन बांधणारे कोणी नव्हते. नवल आहे ते व्यवहाराच्या रचनेत. कंपनीचे ठाण लंडनला, भागधारक तिकडचे, आणि १८४९ च्या करारान्वये त्यांच्या भांडवलावर शेकडा पाच व्याजाची हमी हिंदुस्थानच्या तिजोरीने घेतलेली. माल महाग पडला आणि नफा घटला, तरी तूट भरून द्यायची ती येथल्या रयतेने. खरेदी करणारा एक, पैसे भरणारा दुसरा आणि काम मिळणारा तिसरा, अशी ती तऱ्हा होती. जेथे पैसे भरणाऱ्याला अटी लिहिण्याच्या खोलीत प्रवेश नसतो, तेथे टेंडर कितीही चोख निघो, काम त्याच्या दाराशी येत नाही.

येथे हुन्नरच नव्हता असे कोणी म्हणेल, तर तेही खरे नव्हे. जमालपूरचा रेल्वे कारखाना १८६२ सालचा, आपल्या परळचा १८७९ सालचा. मोडलेली इंजिने उघडून पुन्हा जोडता जोडता फिटर, टर्नर, मोल्डर आणि बॉयलर-जोडारी यांची एक पिढीच तयार झाली. १८९५ साली अजमेरच्या कारखान्यात एक संपूर्ण इंजिन बांधून रुळावर उभे राहिले. १८९९ साली जमालपूरने 'लेडी कर्झन' बांधले आणि पुढच्या पाव शतकात तेथून दोनशेहून अधिक इंजिने बाहेर पडली. इतके असूनही स्वातंत्र्य मिळेपर्यंत या देशात बांधलेल्या इंजिनांची संख्या सातशेच्या आसपासच राहिली, आणि आयात मात्र हजारोंनी झाली. हात तयार होते. त्यांना गिऱ्हाईक नव्हते. आणि देशातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे खुद्द सरकारच होते.

हे ज्यांनी ओळखले त्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे अग्रभागी होते. अशा वसंत व्याख्यानमालेची प्रथा पुण्यात १८७५ साली ज्यांनी पाडली, तेच हे रानडे. सरकारने नुसते तटस्थ राहू नये, देशी कारखानदारीस भांडवल आणि गिऱ्हाईक मिळवून देण्यास पुढे व्हावे, हा त्यांचा आग्रह होता. लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीत १८८३ साली सरकारने ठरावही केला की, किंमत आणि दर्जा सारखा असेल तर सरकारी सामान देशातच घ्यावे. ठराव चांगला होता, पण त्याचा अंमल होण्याची वाट अवघड होती. मोठ्या सामानाची मागणी लंडनच्या इंडिया ऑफिसकडे जाई. टेंडर तेथे निघे, भाव पौंडांत मागविला जाई आणि तपासणीही तिकडेच होई. मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या कारखानदाराने त्या शर्यतीत धावावे कसे? 'सारखी किंमत' म्हणजे कोणत्या बंदरातली किंमत, हा प्रश्न कोणी विचारला नाही, तोवर त्या ठरावाचा जीव कागदापुरताच राहिला.

हा प्रश्न विचारायला पहिले महायुद्ध व्हावे लागले. समुद्र बंद झाला, विलायतेचा माल येईना, तेव्हा सरकारला देशी कारखान्यांची आठवण झाली. सर थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली १९१६ ते १९१८ पर्यंत औद्योगिक आयोगाने काम केले. त्यानंतर १९२२ साली इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट स्थापन झाले. पुढे तिसाव्या दशकाच्या आरंभी 'रुपया टेंडर'ची पद्धत रूढ करण्यात आली. भाव रुपयांत सांगायचा, माल हिंदुस्थानात पोचता करायचा आणि तपासणी येथेच व्हायची, एवढाच तिचा अर्थ. पण एवढ्याने फरक केवढा पडला पाहा. परदेशी व्यापाऱ्याला आपल्या भावात जहाजाचे भाडे, विमा आणि जकात धरावी लागली. शर्यत तीच होती, धावपट्टी मात्र लंडनहून उचलून येथे आणली गेली. टेंडरच्या एका कलमात किती सामर्थ्य असते, याचा हा पहिला धडा.

याच काळातल्या दोन कारखान्यांच्या कहाण्या शेजारी शेजारी ठेवण्यासारख्या आहेत. पहिली टाटांच्या पोलाद कारखान्याची. १९०७ साली कंपनी नोंदली गेली आणि तिचे भांडवल मुंबईच्या बाजारात देशी लोकांनी उभे केले. त्या धाडसामागे एक आश्वासन होते. सरकारने दहा वर्षे दरसाल २० हजार टन पोलादी रूळ, दर्जा उतरेल तर आयातीच्या भावाने, घेण्याचे कबूल केले होते. येथे दानधर्म नव्हता, भाव परक्या मालाचाच होता. निश्चिती मात्र होती. १९१२ साली पोलाद निघू लागले आणि महायुद्धात त्याच कारखान्याचे रूळ मेसोपोटेमियापर्यंत जाऊन पोचले.

दुसरी कहाणी तिथून जवळच, सिंगभूम जिल्ह्यात घडली. १९२१ साली सरकारने जाहीर केले की, १९२३ पासून बारा वर्षे आपल्याला लागणाऱ्या इंजिनांची टेंडरे दरवर्षी हिंदुस्थानात मागविण्यात येतील. त्या भरवशावर पेनिन्सुलर लोकोमोटिव्ह कंपनी उभी राहिली. इमारती झाल्या, यंत्रे आली. परंतु टेंडर मागविणे वेगळे आणि ऑर्डर देणे वेगळे. विलायती कारखाने त्या सुमारास कामावाचून बसले होते, त्यांचे भाव खाली आले आणि रेल्वेची मागणीही घटली. १९२४ साली टॅरिफ बोर्डाने पाहिले तो एक कारखाना चालावा इतकीही इंजिने लागत नव्हती, म्हणून संरक्षण नाकारले गेले. अखेर तो कारखाना सरकारने विकत घेतला आणि इंजिनांऐवजी तेथे डब्यांचे सांगाडे होऊ लागले. १९४५ साली ती जागा टाटांकडे आली आणि टेल्कोने पुढे तेथे मीटरगेजची इंजिने बांधली. म्हणजे जमीन तीच, मुलूख तोच, कारागीरही त्याच मातीतले. मधली वीस-बावीस वर्षे फुकट गेली ती एका पोकळ आश्वासनापायी. व्यापाऱ्यांनी यातून घ्यायचा बोध असा की, जाहीर झालेली संधी म्हणजे हाती आलेले काम नव्हे.

स्वातंत्र्यानंतर अटी लिहिणारा हात बदलला. १९५० साली चित्तरंजनच्या कारखान्यातून पहिले इंजिन बाहेर पडले. त्यासाठी ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीचे तांत्रिक साहाय्य घेतले होते. मद्रासजवळ पेरांबूरला १९५५ साली डब्यांचा कारखाना सुरू झाला तो स्विस कंपनीशी केलेल्या करारातून. बनारसच्या डिझेल इंजिन कारखान्याने अमेरिकेच्या आल्को कंपनीकडून विद्या घेतली आणि जानेवारी १९६४ मध्ये पहिले इंजिन बाहेर काढले. या तिन्ही व्यवहारांत माल थोडा विकत घेतला आणि तो बनविण्याची रीत शिकून घेतली. 'काही इंजिने तुमच्याकडून तयार घेऊ, पण पुढची आमच्या माणसांना शिकवावी लागतील,' अशी ती बोली होती. चित्तरंजनने १९७२ पर्यंत २,३५१ वाफेची इंजिने बांधली. बनारसने १९७६ साली टांझानियाला इंजिने पाठवून निर्यातीस हात घातला. पेरांबूरचे डबे तैवान, श्रीलंका, फिलिपिन्स येथवर गेले.

आता गुरूंचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. नॉर्थ ब्रिटिश कंपनी १९६२ साली दिवाळ्यात निघाली. आल्कोने १९६९ साली इंजिने बांधणे बंद केले. शिष्य मागे उरला आणि गुरूचे दार बंद झाले! स्वदेशाभिमानाने टाळ्या वाजवाव्यात असा हा प्रसंग वाटेल. आमच्या कामगार-मनाला मात्र तेवढे सुख होत नाही. ग्लासगोच्या स्प्रिंगबर्न वस्तीतल्या ज्या बॉयलरवाल्याने आमच्या घाटांत धावणारी इंजिने बांधली, त्याची चूल विझली तेव्हा त्याचा अपराध काय होता? त्याच्या मालकांनी वाफ सोडून डिझेलकडे वळताना चुका केल्या, बाजार हातचा गेला आणि भोग त्याच्या वाट्याला आला. आंतरराष्ट्रीय व्यापार म्हणजे काम एका गावाहून दुसऱ्या गावी हलणे. ज्या गावी ते येते तेथे गुलाल उधळतो. ज्या गावाहून जाते तेथील माणसांचाही विचार करणे हे संघटनेचे ब्रीद आहे, कारण उद्या ती पाळी आपली असू शकते.

द्विपक्षीय करार म्हणजे काय, हे आपल्या देशाने सर्वांत जवळून पाहिले ते सोव्हिएत संघाशी झालेल्या व्यवहारात. डिसेंबर १९५३ मध्ये दोन्ही देशांत व्यापारी करार झाला. देणी-घेणी रुपयांत करण्याची सोय त्याने झाली आणि परकीय चलनाच्या टंचाईत हा मोठा आधार ठरला. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. वर्षाला १० लाख टनांचा कारखाना, अडीच टक्के व्याज आणि बारा वार्षिक हप्ते. आज आपल्या पायांखालचे बहुतेक रूळ भिलाईचे आहेत. रुपयांत फेडायचे म्हणजे शेवटी चहा, ताग, चामडे, कापड, औषधे अशा मालाने फेडायचे. त्यामुळे येथल्या कित्येक धंद्यांना कायमचे गिऱ्हाईक लाभले.

पण मैत्रीलाही हिशोब असतो. १९६८-६९ च्या सुमारास सोव्हिएत संघाला रेल्वेच्या वाघिणी मोठ्या संख्येने विकण्याची बोलणी चालली होती. येथल्या वाघिणींच्या कारखान्यांना काम कमी पडत होते, त्यामुळे आशा फार मोठी होती. ती बोलणी किमतीवरून फिसकटली. कराराने दार उघडते, आत जाऊन सौदा जमवावाच लागतो. आणि जेथे सौदा जमतो तेथेही एकाच गिऱ्हाइकावर विसंबण्याचा धोका असतोच. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला आणि रुपया-व्यापाराची घडी विस्कटली, तेव्हा लुधियानाच्या लोकरी विणकामाच्या कारखान्यांना त्याचा तडाखा बसला. मॉस्कोत सरकार बदलते आणि पंजाबात विणकामाचे यंत्र थांबते, इतका हा धागा लांब आहे.

दुसरी एक रीत समजून घेण्यासारखी आहे, ती बांधील कर्जाची. एक देश दुसऱ्याला कर्ज देतो आणि त्या पैशांतून निघणाऱ्या टेंडरात आपल्याच कारखान्यांना वाव ठेवतो. आपल्याकडे निर्यात-आयात बँक, जी १९८२ साली सुरू झाली, अशी पतकर्जे देते आणि त्यांतला बहुतांश माल व सेवा भारतातून घेण्याची साधारण अट असते. रेल्वेच्या कामासाठी राइट्स ही कंपनी १९७४ साली आणि इरकॉन १९७६ साली निघाली. श्रीलंकेच्या उत्तर भागात यादवीने उखडलेला जाफन्याचा लोहमार्ग इरकॉनने भारताच्या कर्जातून पुन्हा बांधला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये 'याळ देवी' गाडी पुन्हा जाफन्यास पोचली. याची दुसरी बाजू इराकमध्ये दिसली. तेथे भारतीय कंत्राटदारांनी मोठी कामे केली. १९९० साली कुवेतवर आक्रमण झाले, निर्बंध आले आणि त्यांची येणी वर्षानुवर्षे अडकून पडली. परक्या सरकारचे टेंडर जिंकणारा त्या देशाच्या राजकारणाचाही भागीदार होतो, हे पेढे वाटण्यापूर्वी लक्षात ठेवावे.

या साऱ्या इतिहासाचे आजचे पान पाहू. २०१५ साली बिहारात दोन मोठ्या कारखान्यांची कंत्राटे दिली गेली. मधेपुऱ्याला फ्रेंच आल्स्टॉम कंपनीने ८०० विजेची इंजिने आणि मढौऱ्याला अमेरिकन जनरल इलेक्ट्रिकने १,००० डिझेल इंजिने बांधायची होती. ऑर्डर आधीच निश्चित, बांधणी येथे, रेल्वेची भागीदारी अल्प आणि मालकी बहुतांशी परक्या कंपनीची. १९२१ सालचा पोकळपणा या व्यवहारात नाही, हे मान्य केले पाहिजे. जून २०२५ मध्ये मढौऱ्याहून पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशाकडे इंजिन रवाना झाले. लँकशायरहून आठ इंजिने उतरवून घेणारा देश आफ्रिकेला इंजिने पाठवितो, हा १७२ वर्षांचा प्रवास लहान नाही. मात्र चित्तरंजन-बनारसचा धडा गिरविणाऱ्याने येथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे. कारखाना येथे आहे, तसे इंजिनाच्या रचनेचे ज्ञानही येथेच मुरते आहे काय?

कायद्याच्या बाजूने पाहता चित्र असे आहे. सरकारी खरेदी परस्परांना खुली करणारा जागतिक व्यापार संघटनेचा करार १९९६ पासून अंमलात आहे. भारत २०१० पासून तेथे निरीक्षक म्हणून बसतो, सभासद झालेला नाही. २०१७ च्या आदेशाने सरकारी खरेदीत देशी उत्पादनास अग्रक्रम मिळाला आणि २०२० साली २०० कोटींपर्यंतच्या खरेदीत जागतिक टेंडर न काढण्याचे ठरले. केंद्रीय खरेदीचा चौथा हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा, असेही धोरण आहे. दुसरीकडे २०२२ साली संयुक्त अरब अमिरातीशी झालेल्या करारात सरकारी खरेदीचे प्रकरण प्रथमच आले. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी सही झालेल्या करारात केंद्र सरकारची ठराविक रकमेवरील खरेदी ब्रिटिश कंपन्यांना खुली करण्याचे आणि राज्ये व स्थानिक संस्था वगळण्याचे ठरले. एका हाताने दार लोटायचे आणि दुसऱ्याने किलकिले करायचे, असा हा खेळ आहे. व्यापारात तो सगळेच देश खेळतात, त्यात लाज वाटण्याचे कारण नाही. दार कोणासाठी आणि कशाच्या बदल्यात उघडले, हे मात्र नागरिकांना कळले पाहिजे.

एवढे सांगूनही ज्याच्यासाठी आम्ही उभे आहोत तो मुद्दा राहतोच. तो मजुरीचा. टेंडरात सर्वांत कमी भाव देणाऱ्याला काम मिळते. बाजारात त्याला 'एल-वन' म्हणतात. आता रेल्वेला ओतीव भाग पुरविणाऱ्या एखाद्या लहान फाउंड्रीचा हिशोब मांडून पाहा. बीड आणि भंगार यांचा भाव बाजार ठरवितो. विजेचा दर आयोग ठरवितो. कर सरकार ठरविते, बँकेचे व्याज बँक ठरविते. मालकाच्या हाती दाबता येण्याजोगी गोष्ट उरते कोणती? भट्टीसमोर उभ्या माणसाची मजुरी आणि त्याच्या सुरक्षिततेवरचा खर्च. आमच्या संघटनेच्या कामात आम्ही असे टेंडर पाहिले आहे, की ज्याच्या भावात किमान वेतन धरले असता बेरीजच जमत नव्हती. तरी ते मंजूर झाले. ती बेरीज कशी जमविली गेली, ते पुढे हजेरीपटावर दिसले. बारा तासांच्या पाळीपुढे आठ तासांची नोंद होती.

यावर उपाय नाही असे नाही, आणि तो जुना आहे. ज्या ब्रिटनने आपल्याला इंजिने विकली, त्याच्या पार्लमेंटने १८९१ साली ठराव केला की, सरकारी कंत्राटदाराने त्या धंद्यात रूढ असलेली वाजवी मजुरी दिलीच पाहिजे. १९४९ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने हेच तत्त्व आपल्या ९४ क्रमांकाच्या संकेतात घातले. सरकारी कंत्राटावर काम करणाऱ्यास त्या भागात तशाच कामाला मिळणाऱ्या वेतनाहून कमी वेतन असू नये, असा त्याचा आशय आहे. ब्रिटनने १९८२ साली तो संकेत सोडला आणि पुढच्या वर्षी आपला जुना ठरावही मोडला. भारताने त्या संकेतास मान्यता दिलेलीच नाही. परक्या देशांशी करार करताना आपण जकात, पेटंट आणि व्हिसा यांवर रात्र रात्र घासाघीस करतो. मजुरीचे हे कलम आपल्या घरच्या टेंडरात घालण्यासाठी कोणाशीही घासाघीस करावी लागत नाही. ते आपल्याच लेखणीत आहे.

कोणी म्हणतील की, मजुरी वाढली तर आपला माल जगात महाग पडेल. या शंकेला इतिहासाचेच उत्तर आहे. टाटांचे रूळ खपले ते भाव परक्या मालाइतका असूनच. बनारसचे इंजिन टांझानियाला गेले ते कारागीर बारा वर्षे एकाच कामात मुरल्यावर. वर्षाच्या कंत्राटावर आलेला आणि दर सहा महिन्यांनी हाकलला जाणारा मजूर कोणती विद्या मुरविणार? ज्याच्या हाती विद्या नाही तो स्वस्त असतो हे खरे, पण त्याहून स्वस्त असा दुसरा देश नेहमीच कोठेतरी सापडतो.

म्हणून आमची आपल्याला विनंती आहे. आपल्यातले काही व्यापारी असतील, काही कारखानदार, काही नगरपालिकेचे सभासद. आपल्या नगरपालिकेचे पाइपाचे किंवा दिव्याच्या खांबांचे टेंडर निघते, तेव्हा ती जाहिरात एकदा वाचावी. माल कोठे बनणार, त्यातून येथले कोण काय शिकणार आणि काम करणाऱ्याला काय मिळणार, हे तीन प्रश्न सभेत उभे राहून विचारावेत. १८४९ साली पैसे भरणाऱ्या रयतेला ते विचारण्याची सोय नव्हती. आपल्याला आहे. लिफाफा उघडल्यावर विचारून उपयोग नसतो, अटी लिहिल्या जात असतानाच विचारावे लागते.